कोरडं वाचणारी

एवारिस्तो लुगो आणि अम्पारो रोब्लेदो पडद्यावर पहिल्यांदाच एकत्र येताहेत, आणि तेही प्रेमाच्या, हसायच्या पिक्चरमध्ये, ही बातमी फुटली तेव्हा अख्ख्या मेक्सिको शहरानं मिटक्या मारल्या. दोघंही सत्तरीला टेकलेले. दोघांनी मिळून निम्म्या देशाला रडवलेलं. असली दोन माणसं एका ताटात वाढल्यावर जेवण बिघडेलच कसं, असं सगळ्यांना वाटलं. बिघडलं. असं बिघडलं की लोक अजून विचारतात, अहो, नक्की झालं काय? कुणी म्हणतं गोष्टच भिकार होती, कुणी म्हणतं दिग्दर्शक पोरगेला होता, आणि बरेचजण अम्पारोबाईंच्या नावानं बोटं मोडतात. खरं काय ते दोघींनाच माहीत आहे. एक अम्पारोबाई, त्या बोलणार नाहीत. दुसरी ओतिलिया सांतोयो. तिला कुणी विचारत नाही, कारण ती त्या पिक्चरमध्ये होती हेच कुणाला ठाऊक नाही.

ओतिलिया प्रॉम्प्टर होती. विंगेत उभं राहून कुजबुजणारी नव्हे. इथल्या मालिकांची तऱ्हा निराळी. दिवसाला तीस-तीस सीन काढायचे, काल लिहिलेलं आज सकाळी हातात पडायचं, पाठ करायला वेळ कुणाच्या बापाला आहे? म्हणून नटांच्या कानात हरभऱ्याएवढं यंत्र बसवतात आणि काचेच्या खोलीत बसलेली बाई माइकवर वाक्यं वाचते. तिनं वाचलं की यानं बोलायचं. "दाराकडे जा." "रडा." "मी तुझा बाप नाही." सगळं एकाच आवाजात, भाजीची यादी वाचावी तसं. कोरडं वाचायचं, हा या धंद्याचा पहिला नियम आणि शेवटचाही. वाचणारीनं आपलं मीठ घातलं की नटाची चव गेली.

हा नियम ओतिलियाला खुद्द एवारिस्तोनं शिकवला होता, आणि काही गोडीगुलाबीनं नव्हे. ती कामाला लागून तिसरा आठवडा चालू होता. सीन होता पोराच्या प्रेताजवळ बसलेल्या बापाचा. वाचता वाचता तिचा गळा भरून आला, आवाज फुटला. एवारिस्तोनं कानातलं यंत्र उपटून जमिनीवर भिरकावलं आणि चाळीस माणसांदेखत काचेवर मूठ आपटली. "ए बाई! तू मला शब्द दे. रडू माझं मी आणतो!" धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं. पण पुढच्या मिनिटाला तेच वाक्य तिनं दगडासारखं वाचलं, आणि त्यानं ते असं म्हटलं की लाइटवाले बाह्यांनी डोळे पुसायला लागले. त्या दिवसापासून अठ्ठावीस वर्षं ती त्याच्या कानात वाचत आली. दुसऱ्या कुणाचा आवाज तो कानाला लावूनच घेईना.

प्रेम होतं का? होतं की. त्यात लपवायचं काय आहे? त्या काळात निम्म्या शहरातल्या बायका त्याच्यावर जीव टाकत होत्या. हिचं एवढंच वेगळं की 'तुझ्यावाचून मी जगणार नाही' हे वाक्य हिनं त्याच्या कानात हजारदा म्हटलं होतं, पगार घेऊन आणि कोरडं. तो ते वाक्य उचलायचा आणि दुसऱ्याच बाईला द्यायचा. तिला त्याचं दुःख नव्हतं. तिच्या सुक्या भाकरीतून तो पंचपक्वान्न करतो, याचाच तिला अभिमान होता.

मार्चमधली गोष्ट. नार्वार्तेतल्या तिच्या गल्लीत जॅकरंडाच्या फुलांचा जांभळा सडा पडला होता, आणि त्यातून एवारिस्तो जिने चढून तिच्या दारात आला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. ओतिलियानं घाईघाईनं खुर्चीवरचे कपडे उचलले, दालचिनी घालून कॉफी उकळली. त्यानं काखेतलं स्क्रिप्ट टेबलावर ठेवलं. वर नाव होतं, 'दोघांत एक जागा'.

"पिक्चर आहे, ओती," तो म्हणाला. "एकच कबरीची जागा दोन म्हाताऱ्यांना विकली जाते. दोघं भांडतात, मग प्रेमात पडतात. अम्पारो आहे समोर."

"मग छानच की, मास्तर. पण मला कशाला दाखवताय? पिक्चरला तुम्ही पाठ करता."

पिक्चर आणि नाटक तो नेहमी पाठ करायचा. कानात यंत्र घालून पिक्चर करणाऱ्या नटांना तो 'पोपट' म्हणायचा, आणि तेही तोंडावर. तो कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काल पहिलं पान अकरा वेळा वाचलं. बाराव्या वेळी नवीनच वाटलं."

ओतिलियानं हातातली किटली खाली ठेवली.

"डॉक्टर म्हणतो, आत्ता सुरुवात आहे. पुढं वाढणार." तो हसला, पण ते हसू काही जमलं नाही. "मालिकांचं काय गं, आज बघितली उद्या विसरली. मी गेल्यावर लोक पिक्चर लावतील. मला शेवटचं नीट जायचंय, ओती. एक चांगलं काम, मग घरी बसतो. तू कानात असलीस तर जमेल."

"कळलं कुणाला तर?"

"कळता कामा नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला नाही सांगायचं. ग्वादालुपेच्या मेरीआईपुढं मेणबत्ती लावशील, तिलासुद्धा नाही."

ओतिलियानं मान हलवली. बाहेर त्याची गाडी उभी होती, तिथवर ती त्याला सोडायला गेली. गाडीपाशी पोचल्यावर त्यानं तिला विचारलं, आपण इथं कशाला आलो होतो? तिनं सांगितलं, सरळ आवाजात, जसं नेहमी सांगायची तसं. तो मान डोलवून गाडीत बसला.

कंपनीला सांगितलं की मास्तरांना ऐकू कमी येतं, कानात आहे ते बहिऱ्यांचं यंत्र, आणि ओतिलिया त्यांची मदतनीस. मोठ्या माणसाला कोण उलट विचारतं? ती कपड्यांच्या गाडीत मागं बसायची, मांडीवर स्क्रिप्ट, तोंडापुढं लहानसा माइक, समोर छोटा पडदा. आजूबाजूला कोट आणि झगे लोंबत असायचे. तिथून ती त्याच्या कानात शिरायची.

पहिल्याच दिवशी तिला कळलं, काहीतरी चुकतंय.

अम्पारोबाई म्हणजे काय चीज होती ते सांगायला नको. वाक्य टाकायच्या ते गरम टोर्टिया एका हातातून दुसऱ्या हातात थापावी तसं, टप टप टप, समोरच्यानंही तसंच परत द्यायला हवं. एवारिस्तो द्यायचा, पण एक श्वास उशिरा. कानात यायचं, मग तोंडात यायचं. मालिकेत हे चालतं. तिथं नट वाक्याआधी थांबला की लोकांना वाटतं, बघा, काळजाला किती घरं पडली! हसायच्या पिक्चरमध्ये तेवढ्या वेळात विनोद मरतो आणि वर माश्या बसतात. वरातीमागून घोडं, दर सीनला. अम्पारोबाई त्याच्यासाठी थांबायला लागल्या, आणि त्या थांबल्या की त्यांचंही वाक्य निवून जायचं.

आणि नुसता उशीर असता तरी एक वेळ भागलं असतं. वाक्य तोंडातून यायचं ते सपाट. "बाई, ही कबर माझी आहे, तुम्ही दुसरीकडे मरा," हे असं म्हणायचा की टपालकचेरीत खिडकी क्रमांक सांगतोय. ओतिलियानं स्वतःची समजूत घातली, शोधतायत मास्तर, अजून माणूस सापडला नाही त्यांना. सापडेल.

दिग्दर्शक होता फाब्रिसिओ, पस्तिशीचा, शिकलेला, गळ्यात रुमाल. दर सीननंतर तो छातीवर हात ठेवायचा. "काय संयम! मास्तर, तुम्ही काहीच करत नाही आणि सगळं होतं!"

काहीच करत नाही हे खरं होतं. बाकीचं त्याच्या मनाचं. पण सगळ्या सेटवर एकाचीही छाती झाली नाही, की मास्तर, हे बेचव लागतंय, जरा तिखट घाला. एवढा मोठा नट, आपल्यालाच कळत नसेल, असं म्हणून जो तो गप्प. आदर फार वाईट चीज आहे. शिव्या देणारं एक माणूस सेटवर असतं तरी पिक्चर वाचलं असतं.

दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ओतिलियाला खोकला झाला. कपड्यांच्या गाडीत धूळ, सकाळी गारठा. सीन होता नोटरीच्या कचेरीतला, दोघं एकाच कागदासाठी भांडतात तो. ती वाचत होती, "मी हा दावा..." आणि तिला ढास लागली. दोनदा खोकली, मग "...मागं घेणार नाही."

पडद्यावर एवारिस्तो म्हणाला, "मी हा दावा," आणि दोनदा खोकला. अगदी तसाच. पहिला कोरडा, दुसरा जरा ओला. मग म्हणाला, "मागं घेणार नाही."

सेटवर हशा पिकला. फाब्रिसिओ टाळ्या वाजवत उठला, "बघा! याला म्हणतात टायमिंग! हे लिहून येत नसतं!"

ओतिलियानं माइकवर हात ठेवला. तो शोधत नव्हता. त्याच्यापाशी शोधायला काही उरलंच नव्हतं. कानात जे पडेल ते जसंच्या तसं तोंडातून बाहेर, खोकल्यासकट. पंधरा दिवस सगळे ज्याला संयम म्हणत होते तो तिचा आवाज होता. तिचं कोरडं वाचन त्याच्या तोंडानं बोलत होतं. लोंबणाऱ्या झग्यांमध्ये बसून ती रडली, तेही माइक बंद करून, नाहीतर तो तिकडं रडला असता.

हे दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आलं असेल तर ते अम्पारोबाईंच्या. त्या त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत गाडीत चढल्या, पिक्चरमधल्या विधवेच्या काळ्या पोशाखात, हातात तिखट रश्शातल्या चिलाकिलेसची बशी. दार लावून घेतलं आणि झग्यांखालच्या पेटीवर बसल्या.

"खोकला कसा आहे तुझा?" त्यांनी विचारलं.

ओतिलियानं मांडीवरचं स्क्रिप्ट मिटलं.

"मला काय कुक्कुलं बाळ समजलीस का गं? पन्नास वर्षं नाटकं केलीत याच्याबरोबर. हा बहिरा नाही. याला मागच्या रांगेतली शिंकसुद्धा ऐकू जायची." त्यांनी बशी बाजूला ठेवली. "कधीपासून?"

"मला शपथ घातलीय, बाई."

"मोडू नकोस. मी विचारत नाही, मी सांगतेय." मग त्यांचा आवाज खाली आला. "काल मला म्हणाला, तुमची ओळख करून द्या ना. माझी. माझ्या पहिल्या लग्नात मला चर्चात घेऊन गेला होता तो. माझा बाप आला नव्हता म्हणून."

बाहेर कुणीतरी मीठ मागत होतं.

"तू वाचतेस तसं तो बोलतो," अम्पारोबाई म्हणाल्या. "मग नीट वाच ना! जीव ओतून वाच. हस, चिड, लाज. तो सगळं उचलेल. वेळेचं मी सांभाळते, माझी वाक्यं मी लांबवीन. पण आत काहीतरी घाल गं बाई."

ओतिलिया ताठ झाली. "ते नाही होणार."

"का?"

"मग ते त्यांचं काम कसं राहील? मी केलेला अभिनय ते म्हणून दाखवणार? पोपटासारखा?" तिनं माइक बाजूला सारला. "त्यांनी मला एकच गोष्ट शिकवलीय. शब्द दे, बाकी माझं. आता ते आजारी आहेत म्हणून मी त्यांच्या तोंडात घास कोंबू? चोरी आहे ती, बाई. त्यांच्या शेवटच्या कामाची चोरी."

"आणि हे काय आहे? पूजा?"

"त्यांना सापडेल. शेवटच्या सीनला सापडेल. मी बघितलंय त्यांना. ताप असताना, बायको गेली त्या आठवड्यात. ऐनवेळी येतं त्यांच्यात."

अम्पारोबाई उठल्या, काळा झगा झटकला. "ओती, मी कुणाला काही सांगणार नाही. लोक मला शिव्या देतील, देऊ देत. माझं कातडं जाड आहे. पण शेवटचा सीन एकदाच मनापासून वाच. त्याच्यासाठी नसेल तर तुझ्यासाठी वाच. अठ्ठावीस वर्षं पोटात कोंबून ठेवलंयस, ते काय लोणचं घालणार आहेस का?"

दाराशी थांबून त्यांनी बशी तिच्या मांडीवर ठेवली. "आणि खा. कोरडी पडलीयस नुसती."

शेवटचा सीन शहराबाहेरच्या एका जुन्या दफनभूमीत होता. दोघं त्या भांडणाच्या जागेपाशी उभे, आणि म्हाताऱ्याचं शेवटचं बोलणं. लिहिलं होतं साधंच. "जागा एकाचीच आहे. मी आधी गेलो तर तू सावकाश ये. घाई करू नकोस. मी सरकून झोपेन." एवढ्यासाठी तर एवारिस्तोनं पिक्चर घेतलं होतं. हे वाक्य वाचून त्यानं ओतिलियाच्या स्वयंपाकघरात टेबलावर थाप मारली होती, "बघ! हसायचं की रडायचं, कळणार नाही लोकांना!"

त्या सकाळी तो चांगला होता. दाढी करताना गाणं म्हणत होता, ओतिलियाला नावानं हाक मारली, तिच्या आईची चौकशी केली. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण तिनं मनाशी धरलं ते एवढंच, की आज मास्तर आहेत. आज येणार त्यांच्यात.

क्लॅप पडला. अम्पारोबाई आपली वाक्यं बोलल्या, आणि काय बोलल्या! मग त्यांनी मान वळवली. एवारिस्तोकडे नाही, लांब उभ्या असलेल्या कपड्यांच्या गाडीकडे. पडद्यावर त्यांचे डोळे ओतिलियाला सरळ दिसले.

तिनं तोंड उघडलं. सगळं घशापर्यंत आलं होतं, खोटं कशाला बोलू. तिचं नार्वार्तेतलं एकटं घर, रविवारच्या दुपारी, दुसऱ्यांना वाटलेली हजार वाक्यं. एक हुंदका सोडायचा अवकाश होता. आणि नेमकी तेव्हाच काचेवर आपटलेली ती मूठ तिच्या डोळ्यांपुढं आली. रडू माझं मी आणतो. तिनं ओठ घट्ट दाबले, श्वास सारखा केला, आणि आयुष्यात वाचलं नव्हतं इतकं स्वच्छ, इतकं कोरडं वाचलं. अगदी वाट मोकळी करून दिली त्याला.

"जागा एकाचीच आहे," एवारिस्तो लुगो म्हणाला. "मी आधी गेलो तर तू सावकाश ये. घाई करू नकोस. मी सरकून झोपेन."

बसचं वेळापत्रक.

"कट!" फाब्रिसिओ ओरडला. "याहून चांगलं होणार नाही. पॅक-अप!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अम्पारोबाईंनी एवारिस्तोचा हात धरला आणि त्याला खुर्चीपर्यंत नेलं. गाडीकडे त्यांनी परत बघितलं नाही.

सप्टेंबरमध्ये पिक्चर लागलं. पहिल्या खेळाला झाडून सगळे आले होते. ओतिलिया मागच्या रांगेत कडेला बसली, अंगात धाकट्या बहिणीच्या लग्नातला निळा ड्रेस. दिवे गेले. पहिल्या दहा मिनिटांत लोक हसायला तयार बसले होते, अगदी ओठांच्या कोपऱ्यात हसू धरून. मग ते हसू दुखायला लागलं असावं. कुणी तिखट लावलेलं पॉपकॉर्न कुरकुरत होतं, कुणी कुशी बदलत होतं. शेजारची बाई नवऱ्याला म्हणाली, "चांगलं आहे ना?" तो म्हणाला, "अम्... चांगलं आहे." चांगल्या पिक्चरला असं कुणी विचारत नाही.

सगळ्या खेळात लोक एकदाच पोट धरून हसले. नोटरीच्या कचेरीत, त्या खोकल्याला.

शेवटचं वाक्य आलं. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये, एवढ्या मोठ्या भोंग्यांतून, ओतिलियाला स्वतःचाच आवाज ऐकू आला. सूर त्याचा जाड होता, पण चाल तिची होती, श्वास तिचा होता, 'सावकाश'नंतरचा तो चोरटा थांबासुद्धा तिचाच. तिनं वाट मोकळी करून दिली होती, आणि त्या वाटेनं कुणीच आलं नव्हतं. तिनं तोंडात रुमाल कोंबला.

टाळ्या पडल्या, प्रेताला खांदा द्यावा तशा, कर्तव्य म्हणून. दारात एवारिस्तोनं तिला गाठलं. नवा काळा सूट, हातात फुलं. "कसं झालं, ओती?"

"छान झालं, मास्तर."

"लोक हसले का?"

"हसले."

दोन पावलं चालल्यावर त्यानं पुन्हा विचारलं, कसं झालं? गाडीपर्यंत तिनं चारदा सांगितलं, छान झालं.

दुसऱ्या दिवशी पेपरांनी सालपटं काढली. 'दोन सिंह, एक मेलेली गोष्ट.' 'लुगोंचा संयम समजण्यासारखा, पण समोर अम्पारो रोब्लेदोंचा बर्फ.' एकानं लिहिलं की असल्या बाईपुढं कुठलाही पुरुष थिजेल. एका कार्यक्रमात मुलाखतवाल्यानं अम्पारोबाईंना तोंडावर विचारलं, तुमच्यात आणि मास्तरांत ठिणगीच पडली नाही, दोष कुणाचा? त्या म्हणाल्या, "माझा. वय झालं, काडी ओलसर आहे." आणि हसल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ओतिलियानं टीव्ही बंद केला आणि फोन उचलला, मग खाली ठेवला. काय बोलणार होती?

वर्ष गेलं. एवारिस्तो घरी बसला. आजार खरा काय ते लोकांना कळलं तोवर पिक्चर थेटरांतून कधीच उतरलं होतं, त्यामुळे कुणी दोहोंचा मेळ घातला नाही. ओतिलिया दर रविवारी कोयोआकानला त्याच्या घरी जायची, कोंचा पावांची पिशवी घेऊन. त्याची देखभाल हासिंता नावाची बाई करायची, ओआहाकाकडची, आडदांड आणि प्रेमळ. तो ओतिलियाला कधी 'ताई' म्हणायचा, कधी 'सिस्टर'. कधी काहीच नाही.

एका रविवारी दुपारी ती गेली तर टीव्हीवर तेच पिक्चर लागलं होतं.

"बंद करू का?" हासिंतानं विचारलं. "पण त्यांना आवडतंय. डोळे हलत नाहीत बघा."

एवारिस्तो गुडघ्यांवर शाल घेऊन बसला होता. पाव हातात तसाच. पडद्यावरचा एवारिस्तो नोटरीशी भांडत होता. खोकला आला. तो हसला नाही.

"हा कोण?" त्यानं विचारलं.

"नट आहे, मास्तर."

"हं." तो पुढं वाकला. ओतिलियानं त्याचा चेहरा पाहिला. हा चेहरा तिला ओळखीचा होता. सीन झाल्यावर दुसऱ्या नटाला सोलून काढायच्या आधी तो असाच बघायचा. नाव गेलं होतं, गाव गेलं होतं, पण ती पारख शिल्लक होती. "दिसायला बरा आहे. पण करत काहीच नाही. ती बाई बघ, जीव तोडून देतेय बिचारी, आणि हा गाढव घेतच नाही."

"हो."

"याच्या कानात कुणीतरी आहे," एवारिस्तो म्हणाला. "ऐक. मेलेलं माणूस वाचतंय."

टीव्हीवर दफनभूमी आली. अम्पारोबाईंनी मान वळवली आणि त्या दिवशीच्याच नजरेनं पुन्हा सरळ ओतिलियाकडे बघितलं. म्हातारा बोलला. सरकून झोपेन.

"छे छे छे!" एवारिस्तोनं पाव शालीवर टाकला. "असं म्हणतात का हे? एवढं सोन्यासारखं वाक्य! काय होतं ते? सांग मला." त्याचा हात कानाशी गेला, यंत्र असायचं तिथं बोटानं दाबून बघितलं. "सांग ना. वाच."

तिनं वाचलं. कागद नव्हता, माइक नव्हता. तिनं खुर्ची त्याच्या कानाशी ओढली आणि म्हणाली, "जागा एकाचीच आहे. मी आधी गेले तर तू सावकाश ये." इथं तिचा आवाज फुटला. तिनं तो आवरला नाही. "घाई करू नकोस." रडता रडता तिला हसू आलं, कारण वाक्यच तसं होतं मेलं. "मी सरकून झोपेन."

मूठ आपटली नाही. एवारिस्तोनं तिच्याकडे बघितलं आणि तसंच म्हटलं. त्याच जागी त्याचा गळा भरून आला, त्याच जागी आवाज फुटला, आणि शेवटी ओठांच्या कोपऱ्यात तेच हसू आलं, ओलं. 'गेले'चं 'गेलो' मात्र त्याचं त्यानं केलं होतं. हासिंता दारात सुपाची वाटी घेऊन उभी होती, ती एप्रनला डोळे पुसायला लागली.

म्हणजे जमलं असतं. त्या सकाळी, त्या दफनभूमीत, एका हुंदक्यावर जमलं असतं सगळं. टीव्हीवर नावं वर सरकत होती, शिंप्याचं, ड्रायव्हरचं, जेवण देणाऱ्याचं. ओतिलियाचं त्यात नव्हतं.

एवारिस्तोचा चेहरा खुलला होता. त्यानं तिचा हात हातात घेऊन थोपटला.

"तू छान वाचतेस," तो म्हणाला. "तुला घेऊन एक पिक्चर करायला हवं."

"करू या, मास्तर."

"प्रेमाचं. हसायचं."

"हो," ओतिलिया म्हणाली, आणि शालीवर पडलेला पाव उचलून तिनं त्याच्या हातात दिला.